मदत हवी आहे : पाडवा दरवर्षी का हलतो, हे मुलांना कसं सांगू? (शनिवारच्या आत!)

चिमणचारा | गुरुवार, रात्री १०.४०

पटकन मदत हवी आहे. शनिवारी सकाळी मुलांना कॅलेंडर आणि नवीन वर्षाबद्दल सांगायचं आहे. मागच्या शनिवारी सुरुवात केली आणि दहाव्या मिनिटाला गाडी रुतली. संत्रं आणि बॅटरी घेऊन पृथ्वी कशी फिरते ते दाखवलं, तोवर सगळे खूश. मग एकाने विचारलं, "माझा वाढदिवस ९ एप्रिल. दोन वर्षांपूर्वी पाडवा बरोब्बर माझ्या वाढदिवशी होता, आता १९ मार्चला आलाय. वाढदिवस हलत नाही, मग पाडवा का हलतो?"

मी म्हटलं, चंद्रामुळे.

"चंद्रामुळे म्हणजे?"

तिथे मी खाऊ वाटायला घेतला.

नेटवर जे सापडलं त्यात सौरमान, चांद्रमान, संक्रमण असले शब्द आहेत. मलाच जांभया आल्या. 'गुगल करा' सांगू नका, केलंय.

गणितवेडा | गुरुवार, रात्री १०.५२

मुलं किती वर्षांची? किती जण? वेळ किती? फळा आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

इतिहासाचार्य | गुरुवार, रात्री ११.१५

ताई, पाडवा राहू द्या. आधी १ जानेवारी नवीन वर्ष कसं झालं ते सांगा, मुलं हमखास रंगतात. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. म्हणून सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. सप्त, अष्ट, नव, दश म्हणायला लावा, आपोआप कळतं. जानेवारी-फेब्रुवारी मागून आले, तरी नावं तीच राहिली. पुढे कॅलेंडर ऋतूंपासून इतकं भरकटलं की ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करून गाडी रुळावर आणली. त्याच्या नावाने जुलै. मग ऑगस्टस म्हणाला, माझा महिना लहान का? त्याने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला.

आणि १५८२ ची गंमत विसरू नका. पोप तेरावा ग्रेगरी याने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. त्या वर्षी तिकडे मधल्या तारखांना कुणाचाच वाढदिवस नाही!

शंकासुर | गुरुवार, रात्री ११.३१

फेब्रुवारीचा दिवस पळवल्याची गोष्ट थाप आहे. फेब्रुवारी सीझरच्या आधीपासूनच २८ चा होता आणि सीझरच्या सुधारणेतच आठवा महिना ३१ चा झाला होता. ऑगस्टसला मिळालं ते फक्त नाव. मुलांना नका सांगू, जन्मभर डोक्यात राहतं.

इतिहासाचार्य | गुरुवार, रात्री ११.३८

मी शाळेत हेच शिकलो.

शंकासुर | गुरुवार, रात्री ११.४०

तेच म्हणतोय.

माणदेशी | शुक्रवार, सकाळी ६.१०

रोम कशाला गाठताय, आपल्याच घरात बघा की. आमच्या म्हाताऱ्याला विचारलं की वर्ष कधी लागतं, तर म्हणायचा मृगाला. जूनच्या सात-आठला मृग निघाला की वर्ष नवं. सालगडी मात्र पाडव्याला बदलायचा. चुलत्याचं किराणा दुकान, त्यांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला. मास्तरांचं वर्ष जूनला आणि सोसायटीचं कर्ज मार्चअखेर. एका वाड्यात पाच वर्षं नांदत होती, कुणाचं कुणावाचून अडलं न्हाई.

इतिहासाचार्य | शुक्रवार, सकाळी ७.०२

माणदेशी, मृगाचं अगदी खरं. मराठेशाहीच्या कागदांवर शुहूर सन असतो, तो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा. पेरणी आणि वसुलीच्या हिशेबाला तेच सोयीचं. शिवाय १६७४ पासून राज्याभिषेक शक. साताऱ्या-सांगलीच्या मुलांना हे माहीत हवंच.

एकचकॅलेंडर | शुक्रवार, सकाळी ८.२०

या सगळ्यावर एकच उपाय : राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहांच्या समितीने आखली, २२ मार्च १९५७ ला लागू झाली. दरवर्षी १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. हलायचा प्रश्नच नाही. हीच शिकवा.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ८.२६

त्या दिवशी गुढी कोण उभारतं?

चिमणचारा | शुक्रवार, सकाळी ९.४५

अय्या, सांगायचंच राहिलं. मुलं ६ ते ११ वर्षांची, चौदा जण. शाहूपुरीत आमच्या गच्चीवर शनिवारचं बालवाचनालय भरतं, तिथे. चाळीस मिनिटं. फळा नाही, पाण्याची टाकी आहे, तिच्यावर खडूने लिहिते.

रोमचं ऐकून मलाच मजा आली, पण 'चंद्रामुळे म्हणजे?' तिथेच आहे अजून.

पंचांगी | शुक्रवार, सकाळी १०.३०

व्याख्या अगदी स्पष्ट आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे एका राशीतून पुढच्या राशीत जाणं, होत नाही तो अधिकमास. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे पासून. मुलांना आधी बारा राशी पाठ करून घ्याव्यात.

गणितवेडा | शुक्रवार, सकाळी १०.४१

सहा वर्षांच्या पोराला राशी? गच्चीवरून उड्या मारतील.

ताई, सुतळी घ्या, एक पांढरी आणि एक रंगवलेली. एक दिवस म्हणजे एक सेंटिमीटर. पांढरी सूर्याची, एका वर्षाला ३६५ सेंमी. रंगीत चंद्राची. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणून साडेएकोणतीस सेंमीचे तुकडे मुलांनाच कापू द्या. बारा तुकडे ओळीने ठेवले की ३५४ भरतात. पांढरीपेक्षा अकरा कमी. त्या अकराच्या फटीवर बोट ठेवायला सांगा. हाच पाडवा मागे सरकणं.

दुसऱ्या वर्षाचे बारा तुकडे तिथूनच पुढे लावा, फट २२. तिसऱ्या वर्षी ३३. आता फटीत एक अख्खा तुकडा मावतो! तो घाला. तोच अधिक महिना. सोप्यासाठी तीन वर्षं धरली, खरं म्हणजे तुकडा मावायला ३२-३३ महिनेच लागतात. गच्ची किती लांब आहे? अकरा मीटर लागेल.

माणदेशी | शुक्रवार, सकाळी ११.०५

आणि अधिक महिना म्हणू नका, धोंड्याचा महिना म्हणा. जावयाला धोंडे करतात ते पोरांनी खाल्लेले असतात. लगेच ओळखतील.

जुनीरद्दी | शुक्रवार, दुपारी १२.१५

दोरी छानच, पण माझं ऐका, जुनी कालनिर्णय गोळा करा. आमच्याकडे सासूबाई दुधाचा हिशेब त्यावर लिहितात, म्हणून एकही टाकलेलं नाही. आत्ताच बघितलं : पाडवा २०२३ ला २२ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. दोनदा मागे, एकदा पुढे उडी. ती उडी २०२३ च्या अधिक श्रावणामुळे. यंदाच्या धोंड्यानंतर २०२७ ला पुन्हा ७ एप्रिल. मुलांना स्वतः शोधू द्या.

गणितवेडा | शुक्रवार, दुपारी १२.२२

आधी कॅलेंडरं, मग दोरी. मान्य. आणि त्या वाढदिवसवाल्याला सांगा, तारीख आणि तिथी साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ गाठ घेतात. २००५ लाही पाडवा ९ एप्रिललाच होता.

मी_पण | शुक्रवार, दुपारी १.५०

मग संक्रांत का हलत नाही? १४ नाहीतर १५ जानेवारीच.

पंचांगी | शुक्रवार, दुपारी २.१०

संक्रांत सूर्याची, चंद्राचा संबंध नाही. पण हलते तीही, गोगलगाईच्या चालीने, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी.

इतिहासाचार्य | शुक्रवार, दुपारी २.२५

पानिपतही संक्रांतीच्याच दिवशी ना?

शंकासुर | शुक्रवार, दुपारी २.३१

लढाई १४ जानेवारी १७६१. वरच्याच हिशेबाने तेव्हाची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आज तुमचा वार बरा दिसत नाही, आचार्य.

गोडघाशी | शुक्रवार, दुपारी ३.४०

धोंड्याचा विषय निघालाच आहे तर, जावयाला ३३ अनारसे द्यायचे की ३०? आमच्याकडे वाद आहे. आणि माझे अनारसे दरवेळी तुपात हसतात, म्हणजे फुटून पसरतात. उपाय?

पंचांगी | शुक्रवार, दुपारी ३.५५

तेहेतीस.

चिमणचारा | रविवार, सकाळी ८.१५

झालं! कॅलेंडरं शेजारच्या काकूंकडून मिळाली, २०२४ चं तेलकट होतं पण वाचता आलं. तारखा टाकीवर लिहिल्या. "मागे, मागे आणि मग टुणकन" हे एका मुलीनेच शोधलं.

दोरीचा घोळ झाला. आमची गच्ची साडेआठ मीटर. तिसरं वर्ष कठड्याला आपटलं. मी डोक्याला हात लावला, तोवर पोरांनी दोन्ही दोऱ्या कोपऱ्यातून वळवून जिन्याच्या दारापर्यंत नेल्या. शिवाय रंगीत सुतळी रंगात भिजवून वाळवल्यामुळे आखडली होती, पहिल्या वर्षीच फट अकराऐवजी चौदा. तुकडे पुन्हा पट्टीने मोजून कापले. त्यात वीस मिनिटं गेली, पण त्या वीस मिनिटांत 'साडेएकोणतीस' सगळ्यांना पाठ झालं. शेवटी तेरावा तुकडा फटीत बसवला तेव्हा सगळी एकदम "धोंडा! धोंडा!" ओरडली. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर बघायला आले. थोडी जागा उरलीच होती, ती पुढच्या हिशेबात धरायची असं ठरलं.

सगळ्यात भारी म्हणजे, वाचनालयात एक मुलगी आहे, तिच्या घरी सध्या रोजे चालू आहेत. ती म्हणाली, "आमच्यात तुकडा घालतच नाहीत." आणि तिने स्वतःच चंद्राची दोरी धोंड्याशिवाय पुढे लावून दाखवली. ती जन्मली तेव्हा ईद पावसाळ्यात होती म्हणे, आता उन्हाळ्याच्या तोंडावर आलीये. यातलं मी काहीच शिकवलेलं नव्हतं.

१ जानेवारीला वेळच उरला नाही. सप्त-अष्ट तेवढं सांगितलं.

आता नवीन अडचण. वाढदिवसवाला विचारतोय, जो धोंड्याच्या महिन्यात जन्मला त्याने तिथीने वाढदिवस कधी करायचा? तीन वर्षांनी एकदाच का? पुढच्या शनिवारी उत्तर देते म्हटलंय.

पंचांगी | रविवार, सकाळी ९.००

त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात, त्याच तिथीला. यंदाच्या अधिक ज्येष्ठात जन्मलेल्याचा वाढदिवस पुढच्या वर्षी साध्या ज्येष्ठात.

एकचकॅलेंडर | रविवार, सकाळी ९.२०

राष्ट्रीय दिनदर्शिकेत ही अडचणच येत नाही.

गोडघाशी | रविवार, सकाळी ९.३५

माझ्या अनारशांचं कुणीच सांगितलं नाही. गूळ जास्त होतोय का?

माणदेशी | रविवार, सकाळी ९.५०

गुळाचं नंतर बघू. तांदूळ किती दिवस भिजवता, आणि पाणी रोज बदलता का?