मराठी प्रचारपत्रकावर इम्प्रिंट कसा द्यायचा? मदत हवी आहे

इंग्लंडमध्ये सिटी कौन्सिलला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून उभ्या असलेल्या ओळखीच्या ताईंचा मी फुकट प्रचार करतोय, त्यांचं पत्रक मराठीत केलंय. छापील पत्रकावर प्रिंटर आणि प्रमोटर (म्हणजे मजकूर प्रसिद्ध करवणारा) यांचं नाव-पत्ता, म्हणजेच इम्प्रिंट लागतो हे माहितीये, ते टाकलंय. प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे. नोव्हेंबर २०२३ पासून डिजिटललाही इम्प्रिंट लागतो, इलेक्टोरल कमिशनचं मार्गदर्शन वाचलं, ताईंच्या निवडणूक एजंटलाही विचारलं पण त्याला फक्त छापीलचं नक्की माहिती. पैसे देऊन जाहिरात करत नाहीये, मी भारतीय पासपोर्टवाला पण मतदार यादीत आहे. (पक्ष बरा की वाईट ते प्लीज नको, ताईंचं काम नियमात बसायला हवं.) तर मराठी मजकुराच्या इमेजवर इम्प्रिंट इंग्रजीतच टाकायचा की मराठीत चालतो, आणि प्रमोटर म्हणून नाव माझं की एजंटचं?