बॅटरीच्या इम्पॅक्ट गनने चाकाचे नट : खोलायला ठीक, पण कसायला कितपत?

दोनगाडीवाला
घरी दोन गाड्या आहेत. एक जुनी वॅगन आर, स्टील रिमची, आणि दुसरी आय20, अलॉयची. टायर रोटेशन घरीच करायचं म्हणून 20 व्होल्टची, अर्धा इंची चौकोनाची इम्पॅक्ट गन घेतली आहे. डब्यावर 320 न्यूटन मीटर (पिळाचं, म्हणजे टॉर्कचं माप) छापलंय आणि वेगाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नट पूर्ण कसले तर चालतील, की टॉर्क रेंच (ठरवलेल्या पिळाला क्लिक करणारा पाना) घ्यावाच लागेल? घरातल्या चकचकीत गोट्या (सॉकेट) गनला लावल्या तर काय होतं? आणि दोन्ही गाड्यांना टॉर्कचा एकच आकडा धरता येईल का?

गोटीपाना
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गडबड तिथूनच होते. आकडा एकच धरू नका. जुन्या वॅगन आरला 85 न्यूटन मीटर. मारुतीच्या काही नव्या मॉडेलांत तो 100 आहे, म्हणून आपल्याच गाडीची पुस्तिका उघडून बघा. ह्युंदाई नव्या गाड्यांना 11 ते 13 किलोग्रॅम-मीटर सांगते, म्हणजे साधारण 108 ते 127 न्यूटन मीटर. आय20 नवी असेल तर 115 वर ठेवा, जुनी असेल तर आकडा कमी असतो, पुस्तिका बघा.

आट्यांची चालही, म्हणजे दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर, वेगळी आहे. मारुतीचा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) 12 मिलिमीटरचा, चाल 1.25 ची. ह्युंदाईचा स्टडही 12 चाच, पण चाल 1.5 ची. मूळ नट असतील तर मारुतीला 19 ची गोटी लागते आणि ह्युंदाईला 21 ची, त्यामुळे फरक कळतो. बाजारातून घेतलेले नट दोन्हीकडे 19 चे निघाले की डोळ्यांना काही कळत नाही. चुकीचा नट हाताने दीड-दोन वेढे जातो आणि अडतो. हात तिथे थांबतो, गन थांबत नाही. ती आटे कापत नटाला शेवटपर्यंत नेते आणि स्टड कामातून जातो. म्हणून एका गाडीचं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या गाडीचे नट त्या जागेवर आणूच नका.

आता गनने कसण्याबद्दल. ड्रिलसारखा सलग पीळ गन देत नाही. आतला हातोडा फिरत येऊन ऐरणीवर आपटतो, सेकंदाला पन्नासच्या आसपास ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला नट थोडा पुढे सरकतो. नटाला शेवटी किती पीळ बसला हे ट्रिगर किती वेळ दाबला, बॅटरी किती भरलेली होती, मध्ये एक्स्टेन्शन होतं का, आटे कोरडे होते की तेलकट, या सगळ्यावर ठरतं. त्यामुळे एकाच चाकाच्या चार नटांना, त्याच पायरीवर, चार वेगळे पीळ बसतात. पायरीचा आकडा म्हणजे टॉर्कचा आकडा नव्हे. डब्यावरचे 320 सुद्धा गन जास्तीत जास्त किती देऊ शकते तेवढंच सांगतात.

कोरडे आटे हेही महत्त्वाचं आहे. आपण लावलेल्या पिळातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, निम्मा नटाच्या बैठकीवर आणि उरलेला आट्यांत. स्टड ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच 85 वर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या (रिम ज्यावर बसते त्या भागाच्या) मधल्या गोल उंचवट्यावर अगदी पातळ हात फिरवा, तेवढ्याने रिम हबला चिकटत नाही. आटे आणि नटाची बैठक कोरडीच हवी.

मी सांगेन तो क्रम असा. हॅन्डब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळा लावा. चाक जमिनीवर असतानाच नट पाव वेढा सैल करा, हे गनने चालेल. मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. चाक काढल्यावर हबचा सपाट भाग आणि रिमची मागची बाजू तारेच्या ब्रशने घासा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नट कसताना सगळं ठीक वाटतं, पुढे पापुद्रा चुरला की नट आपोआप सैल पडतो.

बसवताना प्रत्येक नट बोटांनी सुरू करा आणि बोटांनीच जाईल तेवढा आत न्या. 1.5 च्या चालीला पूर्ण बसेपर्यंत निदान आठ वेढे मिळायला हवेत, 1.25 ला दहा. दोन वेढ्यांतच जोर लागायला लागला तर नट काढा आणि आटे बघा. गन त्यानंतरच, तीही पहिल्या पायरीवर, समोरासमोरच्या क्रमाने, आणि नट बैठकीला टेकताक्षणी ट्रिगर सोडा. ठोक्यांचा पहिला आवाज आला की थांबायचं. नंतर गाडी इतकी खाली घ्या की चाक फिरणार नाही आणि टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत कसा : आधी 50, मग पूर्ण आकडा. हे टप्पेही समोरासमोर, ओळीने नको.

हातगोट्या गनला लावू नका. त्या क्रोम व्हॅनेडियमच्या, कडक आणि पातळ भिंतीच्या असतात. ठोक्यांनी त्यांना चीर जाते, एखादी फुटली तर तुकडा थेट डोळ्याकडे येतो. इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या, जाड, क्रोम मॉलिब्डेनमच्या आणि आत सहा कोनांच्या असतात. आय20 च्या अलॉयसाठी बाहेरून प्लास्टिकची बाही असलेली 21 ची खोल गोटी घ्या, म्हणजे रिमच्या भोकाच्या कडेला ओरखडे पडणार नाहीत. आणि गन हातात असेपर्यंत चष्मा डोळ्यांवर हवा.

घाटरस्ता
वरचं सगळं मान्य, एक भर घालतो. रस्त्यात पंक्चर काढून घेतलं आणि तिथे गनने नट ठोकले गेले, तर घरी येऊन टॉर्क रेंच लावून क्लिक झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. रेंच 85 ला लावलेला असेल तर नट 90 वर असला तरी क्लिक होते आणि 200 वर असला तरी होते. जास्त कसलेला नट रेंच ओळखत नाही. म्हणून एकेक नट अर्धा वेढा सैल करा आणि पुन्हा आकड्यापर्यंत कसा. एक झाला की दुसरा, चाक जमिनीवर ठेवूनच. सैल करताना टॉर्क रेंच वापरू नका, त्याला लांब दांडा घ्या.

पान्याच्या दांड्यावर उभं राहून नट कसण्याची सवय गनइतकीच वाईट. 30 सेंटिमीटरचा दांडा आणि 70 किलो वजन म्हणजे 200 न्यूटन मीटरच्या वर. मारुतीच्या स्टडवर हा दुपटीहून जास्त भार आहे.

ताणलेला स्टड असा ओळखावा : नवा नट हाताने फिरवत न्या. सुरुवातीचे काही वेढे मोकळे जातात, मग स्टडच्या ठराविक जागी अडखळतो, आणि तो मागे घेऊन पुन्हा नेला तरी त्याच जागी अडखळतो. तिथे आट्यांतलं अंतर वाढलेलं असतं. असा स्टड बदलावाच लागतो. सगळे नट वेगवेगळ्या पिळाचे राहिले तर पुढच्या चाकांची ब्रेक डिस्क हबवर किंचित वाकडी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक डिस्क बदलतात, नटांकडे कुणी बघत नाही.

हवेचादाब
कॉम्प्रेसरवरची गन असलेल्यांसाठी थोडक्यात. टाकीवरचा काटा ट्रिगर न दाबता दिसणारा दाब दाखवतो, तो गनपर्यंत पोचेलच असं नाही. अर्धा इंची गनला ट्रिगर दाबलेला असताना 90 पीएसआय मिळायला हवा, त्यासाठी नळी आतून 10 मिलिमीटरची घ्या. गुंडाळीच्या बारीक नळीने गन अशक्त होते आणि दोष गनला दिला जातो. काम सुरू करण्याआधी गनच्या हवा आत येण्याच्या तोंडात चार-पाच थेंब न्यूमॅटिक (हवेवरच्या हत्यारांचं) तेल टाका. टाकीतलं पाणी रोज काढा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा.

दोनगाडीवाला
खूप उपयोग झाला. टॉर्क रेंच अर्धा इंची, 28 ते 210 चा घेतोय. दोन शंका उरल्या. आय20 ला चोरी टाळण्याचे लॉक नट आहेत, ते गनने खोलले तर चालतील का? आणि वॅगन आरचा एक नट गनलाही दाद देत नाही.

गोटीपाना
लॉक नटाला गन लावू नका. त्याच्या किल्लीची नक्षी बारीक असते, दोन-चार ठोक्यांत तिचे कोपरे मोडतात आणि मग नट कापून काढावा लागतो. किल्ली पूर्ण आत बसवा, दांडा सरळ धरा, हाताने खोला. कसतानाही हातानेच.

हट्टी नटाला आट्याच्या टोकाकडून गंज सोडवणारं तेल मारा आणि अर्धा तास थांबा. मग आधी किंचित कसण्याच्या दिशेने हलवा, गंजाची पकड तिथे सुटते, त्यानंतर 60 सेंटिमीटरच्या दांड्याने सावकाश उलटा फिरवा. गन सलग दहा सेकंद चालवून नट तापवू नका. सुटल्यावर आटे ब्रशने साफ करा आणि सगळं तेल पुसा, नाहीतर 85 ला कसताना तेच जास्त ताणाचं दुखणं. नटावर क्रोमची टोपी असेल आणि ती फुगून 19 ची गोटी बसत नसेल, तर गोटी ठोकून बसवण्यापेक्षा एकसंध नट आणा.

घाटरस्ता
रेंच वापरून झाला की सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, ताणून ठेवलेली स्प्रिंग आकडा चुकवते. कसताना एक क्लिक पुरे, खात्रीसाठी आणखी दोन-तीनदा दाबलं तर नट पुढे सरकतो. चाकं बसवल्यावर 80 ते 100 किलोमीटर चालवून, चाकं गार झाल्यावर, सगळे नट पुन्हा त्याच आकड्याला तपासा. अलॉयच्या बाबतीत हे टाळू नका.