कॉइल बदलण्याआधी थर्मल फ्यूज बघा

मशीनचा दिवा लागतो, पंप चालतो, पण बॉयलरमधलं पाणी कोमटच, असं तुम्ही लिहिलंय. लगेच पाणी तापवणारी नवी कॉइल मागवू नका. प्लग काढून बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटरने तिचा रोध ओहममध्ये मोजा. २३० व्होल्टवर १००० वॉटची कॉइल साधारण ५३ ओहम दाखवते. तेवढं आलं तर बहुधा कॉइल ठीक आहे, मग थर्मल फ्यूज तपासा. माझ्याकडे तोच उडाला होता. बॉयलरला टेकलेला, पांढऱ्या नळीतला इवलासा तुकडा. एकदा उडाला की बदलावाच लागतो. कृपा करून वायर जोडून बायपास करू नका, बॉयलर जास्त तापला तर वीज तोडणारा तोच असतो. आणि तो का उडाला तेही शोधा. माझ्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे ठरावीक तापमानाला कॉइल बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले होते, त्यामुळे कॉइल बंदच होत नव्हती; नुसता फ्यूज बदलला असता तर पुन्हा उडाला असता.