अनुभव धागा: चष्म्यात पैसे नेमके कुठे घातलेत? (नाशिक आणि आसपास)

जमाखर्च

मार्चअखेर होती. शरणपूर रोडच्या ऑफिसात सकाळी दहा ते रात्री नऊ आकड्यांत डोकं घालून बसायचे दिवस, आणि नेमका तेव्हाच मी नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, म्हणजे एकाच काचेत लांबचं, मधलं आणि जवळचं. फ्रेम ४,२०० ची, काचा ९,५०० च्या. आरशात बघितलं तर झकास. ऑफिसात खुर्चीवर बसले आणि हनुवटी आपोआप वर गेली. स्क्रीन दिसायला हनुवटी वर, व्हाउचर वाचायला नजर खाली, शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनकडे बघायचं तर आख्खी मान वळवायची. पंधरा दिवसांत मानेला पट्टा. दुकानात तीनदा गेले, तिन्ही वेळा एकच उत्तर: "सवय होईल, मॅडम." दीड महिना झाला तरी सवय झाली नाही. जिन्यावर मात्र दोनदा पायरी चुकले.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "तुमचा स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असतो?" मला सांगता येईना. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत चार चष्मे झाले, हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिवणाची टेप ऑफिसात नेली. स्क्रीन ६८ सेंटिमीटरवर. व्हाउचर ४० वर. प्रोग्रेसिव्हमध्ये वरच्या भागातून लांबचं, खालून जवळचं, आणि हे मधलं अंतर एका अरुंद पट्टीत. दिवसाचे दहा तास मी त्या पट्टीतून डोकावत होते.

आता नवीन करायचाय. एमजी रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानांना तोटा नाही, पण आधी तुमचे अनुभव येऊ देत. वय, काम, नंबर, काय घेतलंत, कुठे फसलात, कशाने बरं वाटलं. दुकानाचं नाव नको, नाहीतर धागा भांडणात जाईल.

अंबडचा ऑपरेटर

वय ३४, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, लोखंड कापायचं) काम. मी काय चूक केली ते सांगतो. काच जाड दिसते म्हणून सगळ्यात पातळ द्या म्हटलं. त्यांनी १.७४ इंडेक्सची दिली (हा आकडा जेवढा मोठा, तेवढी काच पातळ), खिसा रिकामा झाला. आणि फ्रेम कसली घेतली, तर तेव्हा फॅशनमध्ये होती तशी मोठी चौकोनी. चष्मा हातात आल्यावर कडा बघून रडू आलं.

मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. फ्रेम जेवढी रुंद, तेवढी जाड कड आत राहणार. पुढच्या वेळी काडीच्या आतल्या बाजूचे आकडे वाचायला शिकलो. ४८, मग छोटा चौकोन, मग २० आणि १४० असं लिहिलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ४८ ची गोलसर फ्रेम घेतली, काच १.६० ची. निम्म्या पैशात आधीपेक्षा पातळ कड आणि वजनालाही हलका. बायको म्हणाली, आता काचेची कड नाही, डोळे दिसतात. (मायनसमध्ये ते बारीकच दिसतात, ते आमच्यासारख्यांनाच कळेल.)

मशीनशॉपवर मात्र पॉलीकार्बोनेटचा नंबरवाला सेफ्टी चष्मा, बाजूच्या पट्ट्यांसकट. लोखंडाचा छिलका उडून आला तर ती काच सहज फुटत नाही. त्याचाही एक त्रास आहे: तिरकं बघितलं की मशीनच्या पांढऱ्या डिस्प्लेवरच्या अक्षरांना निळी-नारिंगी किनार दिसते. मला वाटलं नंबर चुकला. नंबर बरोबर होता, तो त्या मटेरियलचा गुण आहे. कामावर चालतं, घरी वाचायला नको वाटतं.

काउंटरच्या आतून

मी याच धंद्यात आहे, तेवीस वर्षं. कुठे ते विचारू नका, पुढच्या शनिवारी सगळे सवलत मागायला याल.

अंबडच्या दादांनी अर्धं सांगितलं, अर्धं मी सांगतो. फ्रेम लहान असली तरी तुमची बुबुळं तिच्या काचांच्या मध्याजवळ यायला हवीत. दोन बुबुळांमधल्या अंतराला आम्ही पीडी म्हणतो. मोठ्या माणसांत ते बहुतेक वेळा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान येतं. नाकापासून उजवा डोळा ३१ आणि डावा ३३ असंही असतं, म्हणून दोन्ही वेगळे मोजायचे. काचेचं केंद्र डोळ्यासमोर आलं नाही तर नंबर बरोबर असूनही डोकं जड होतं, आणि नंबर मोठा असेल तर दोन मिलिमीटरची चूकसुद्धा बोचते. एक नंबरवाल्याला कळणारही नाही, सहा नंबरवाला दुपारपर्यंत कपाळ धरून बसेल.

प्रोग्रेसिव्हला उंचीही मोजावी लागते. आधी फ्रेम तुमच्या नाकाकानावर नीट बसवायची, काड्या वाकवायच्या, पॅड सारखे करायचे, मग तुम्हाला समोर बघायला सांगून तिच्यातल्या नमुन्याच्या प्लास्टिकवर पेनाने बुबुळाची खूण करायची. हे न करता कुणी प्रोग्रेसिव्हची ऑर्डर लिहायला लागलं तर सरळ उठा. जमाखर्चताई, तुमच्या वेळी पेन बाहेर निघालं होतं का?

अजून एक आतली गोष्ट. प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काचेवर तोंडाची वाफ सोडून उजेडात तिरपी धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबरची वाढ म्हणजे ॲडिशन असतं, नाकाकडच्या खुणेखाली बहुधा कंपनीची खूण. भारी काचेचे पैसे भरलेत ना? मग ती आलीय का ते बघायला विसरू नका.

कोटिंगबद्दल: साध्या प्लास्टिकच्या काचेवरून दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के उजेड परत फिरतो. पातळ, जास्त इंडेक्सच्या काचेवरून त्याहून जास्त. म्हणून १.६७ घ्यायची आणि अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगचे पैसे वाचवायचे, यात काही अर्थ नाही. रात्री मुंबई नाक्यावर समोरून येणाऱ्या दिव्यांची भुतं दिसतील.

जमाखर्च

पेन? अहो, त्यांनी माझ्या मोबाइलवर फ्रेमचे फोटो काढून दिले, चार कोनांतून. पेन नाही.

रात्रपाळी

वय २९, इंदिरानगर, घरूनच काम, अमेरिकेच्या वेळेत. ब्लू कटवर, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या काचेवर, बोलायला आलोय.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. दुकानात एका छोट्या निळ्या टॉर्चचा खेळ दाखवला: साध्या काचेतून उजेड आरपार, ब्लू कटमधून अडला. खेळ बघून मी १,८०० रुपये जास्त दिले. सगळं किंचित पिवळट, व्हिडिओ कॉलवर चष्म्यात जांभळे ठिपके, आणि वाळू होती तिथेच. नंतर वाचलं की २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. १,८०० रुपयांनंतर वाचलं, हा माझा स्वभाव.

माझं खरं दुखणं दोन ठिकाणी निघालं. एक, स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या फार कमी लवतो, त्यात कूलरचा झोत थेट तोंडावर. डोळे कोरडे. दुसरं, मायनस ०.५० चा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईसाठीचा वेगळा नंबर. "किरकोळ आहे, नाही घातला तरी चालेल," असं मागे कुणीतरी म्हणालं होतं आणि मला ते सोयीचं वाटलं होतं. कूलर फिरवला, टेबल वळवून खिडकी बाजूला घेतली, डॉक्टरांनी दिलेले थेंब, आणि तो किरकोळ सिलिंडर घातलेला साधा चष्मा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं म्हणतात. माझ्या खोलीत २० फूट नाहीत, म्हणून गच्चीवरच्या टाकीकडे बघतो.

पाथर्डी फाटा

मला ब्लू कटने बरं वाटतं बुवा. तीन वर्षं वापरतेय.

रात्रपाळी

वापरा की. माझ्या अंदाजाने तुमचा नंबरही तेव्हाच नीट निघाला असणार.

येवल्याची लेक

हे कॉम्प्युटरचं नाही, तरी चालेल का? आमच्या घरी पैठणीचा माग आहे. वडील, आम्ही दादा म्हणतो, ५८ वर्षांचे. आठवडी बाजारातून दीडशे रुपयांचा तयार चष्मा आणायचे, प्लस दोनचा. पेपर वाचायला ठीक होता. पण तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्या, आणि दादांच्या दोन डोळ्यांत पाऊण नंबरचा फरक. मागावर बसले की पदराच्या मोराची चोच बरोबर दिसावी म्हणून ते पुढे वाकायचे, संध्याकाळी पाठ धरायचे.

नाशिकला दाखवायला नेलं तेव्हा मी घरून निघताना एक गोष्ट केली. दादांना मागावर नेहमीसारखं ताठ बसवलं, डोळ्याच्या कोपऱ्यापासून विणायच्या जागेपर्यंत सुती दोरा धरला आणि तिथे गाठ मारली. तो दोरा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ते हसले, पण पट्टी काढून मोजला. ५६ सेंटिमीटर. म्हणाले, वाचायला ३५-४० सेंटिमीटरचा नंबर लागतो, मागाला त्यापेक्षा कमी प्लस पुरेल, जास्त दिला तर पुढे वाकावंच लागेल. ट्रायल फ्रेम घालून, त्या दोऱ्याच्या अंतरावर मी पदराचा तुकडा धरला आणि त्यांनी काचा बदलून बदलून बघितल्या. काचा साध्या, एकाच नंबरच्या, फ्रेम सातशेची. पाठ थांबली. पेपरला जुनाच बाजारातला वापरतात, तो टाकवत नाही त्यांना.

निवृत्त, नाशिकरोड

प्रेसमध्ये नोकरी झाली, नोटांवरचे बारीक आकडे बघण्यात नजर गेली असं घरचे म्हणतात. नजर कुठे गेली नव्हती, चाळिशी लागली होती. पण मुद्दा वेगळा. मागच्या वर्षी अचानक लांबचं धूसर झालं, धावत जाऊन चष्मा केला, ७,००० गेले. त्याच आठवड्यात कळलं, साखर ३४० आहे. औषध सुरू झालं आणि महिन्याभरात नवा चष्मा निरुपयोगी, जुनाच बरा दिसायला लागला. साखर वरखाली होत असेल तर नंबर काढायला जाऊ नका. आधी ती स्थिरावू द्या.

बागवाला, पिंपळगाव

आमचं काम काय कॉम्प्युटरचं नाही, पण आता मोबाइलवर हवामान आन् बाजारभाव बघावाच लागतो. भारी कोटिंगवाला चष्मा केला होता पोरानं. एप्रिलात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बागेत गेलो, दोन-तीन दुपारी असंच. काचेवर जाळी पडली, आटलेल्या तळ्याला भेगा पडाव्या तशी. दुकानदार म्हणला, उन्हानं कोटिंग फाटलं, हे वॉरंटीत बसत नाही. गाडीत चष्मा ठेवू नका.

दुसरं म्हणजे पुसायचं. गंधकाची पूड उडालेली, मी आपला उपरण्यानं घासायचो. कोरडी धूळ घासली म्हणजे कानस फिरवली. आता मोटरचं पाणी सोडायचं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटानं फिरवायचा, धुवायचं, मग मऊ फडकं. दुसरा चष्मा दोन हंगाम झाले, ओरखडा नाही.

जमाखर्च

तीन आठवड्यांनी आले, सगळ्यांचे आभार.

येवल्याच्या ताई, तुमचं ऐकून टेप घरी ठेवली आणि दोऱ्याला दोन गाठी मारून घेऊन गेले, एक ४० वर, एक ६८ वर. यावेळी नंबर डॉक्टरांकडे काढला, मशीनवर आणि मग ट्रायल फ्रेम घालून पंधरा मिनिटं, घाई न करता. दुसरं दुकान. पेन निघालं. तिथल्या मुलाने फ्रेम तीनदा गरम करून कानामागे बसवली, मग खूण केली. आधीच्या चष्म्याचं केंद्रही तपासून दिलं: उजव्या डोळ्याला तीन मिलिमीटर बाहेर. म्हणजे सवय जन्मात झाली नसती.

शेवटी घेतलं ते असं. ऑफिससाठी ऑफिस लेन्स: समोर स्क्रीन, खाली कागद, पट्टी चांगली रुंद, काचा ५,४०० च्या, फ्रेम ९०० ची. काउंटरवाले दादा, खुणा वाफ सोडून बघितल्या, आहेत. स्कूटरसाठी नुसता लांबचा साधा चष्मा, अँटी-रिफ्लेक्शनसकट. जुन्या महागड्या फ्रेममध्येच तो बसवला, तेवढं समाधान. हनुवटी खाली आली. मानेचा पट्टा कपाटात.

ऑफिस लेन्सने तीन-चार हातांपलीकडचं धूसर दिसतं, हे मला दोनदा बजावून सांगितलं होतं. तरी काल तोच घालून पार्किंगपर्यंत गेले, किल्ली लावली, आणि समोरच्या बसची पाटी वाचता येईना. परत वर, तिसरा मजला, चष्मा बदलायला.