मधमाशी पेटीत जिवंत आहे, पण कामाला जाईना: औषध बाधलं म्हणायचं की नाही?

कांदाबी_जालना
कांद्याचं बी धरायला मधमाश्या लागतात, म्हणून बियाण्याचे प्लॉट फुलात आले की मधपेट्या ठेवतो, आणि आमच्याकडं हा वाद ठरलेलाच. फुलकिड्यांसाठी फवारणी झाली आणि मधपेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला नाही, की औषध सुरक्षित. दुकानदार तसंच सांगतो, आपणही मान डोलावतो. मला हे पटत नाही. माशी मरायच्या आधी तिची कामाची उमेद मरते, आणि ही उमेद मेंदूतल्या रसायनांवर चालते.

आपल्या अंगात नॉरॲड्रेनालिन हे तरतरी आणणारं रसायन जे काम करतं, जवळपास तेच काम कीटकांत ऑक्टोपामाइन करतं. टोळ उडायला लागला की पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या रक्तात ते वाढतं आणि साठलेली चरबी इंधन म्हणून सुटू लागते. मधमाशीला ते साखरपाण्यातून दिलं, तर ती पेटीतली कामं सोडून मकरंद आणायला लवकर बाहेर पडते. आता दुसरी बाजू बघा. 2019 मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या प्रयोगात बंबलबी या जाड, केसाळ माश्यांना इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा जीव न घेणारा डोस दिला होता. सुरुवातीला त्या नेहमीपेक्षा जोरात उडाल्या आणि मग लवकरच गळाल्या. बिनऔषधाच्या माश्यांच्या साधारण एक-तृतीयांश अंतर त्यांनी कापलं. मेली एकही नसेल, पण काम बुडालंच ना?

तूरवाला_बीड
दादा, उमेद माणसाला असते. माशी पोटामागं जाते. गोंड्यात, म्हणजे कांद्याच्या फुलात, रस असला तर येईल, नसला तर येणार नाही. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, ते माशीला तसंही आवडत नाही. शेजारी करडी फुलात असली की सगळ्या तिकडं. यंदा आमच्याकडं पाण्याची ओढ होती, गोंडे कोरडेच राहिले. त्याचं खापर औषधावर कशाला? फुलकिडे सोडून दिले तर बी हाती लागत नाही. बियाणं कंपनीचा करार मेंदूतल्या रसायनावर होत नसतो.

किडा_परभणी
बीडवाले भाऊ, पोटॅशियमचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण कीटकाला उमेद नसते, हे मी मान्य करणार नाही. कृषी विद्यापीठात हाच विषय शिकतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

झुरळाची शिकार करणारी एक हिरवी-निळी चकचकीत गांधीलमाशी असते, ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा. आपल्या देशातही सापडते. ती पहिला डंख छातीत मारते, त्यानं झुरळाचे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरा डंख मानेतून थेट मेंदूत. त्यानंतर झुरळ बराच वेळ नुसतं अंग साफ करत बसतं, पळून जायचं नावच नाही. पायांतली ताकद परत आलेली असते, उताणं पाडलं तर ते सरळही होतं, तरी आपणहून पाऊल उचलत नाही. मग गांधीलमाशी त्याची मिशी अर्धी तोडते, उरलेली धरते आणि त्याला बिळात घेऊन जाते. ते मागं मागं चालतं! तिथं ती त्याच्या पायावर अंडं घालते आणि अळी त्याला जिवंतपणीच खाते. इस्राएलच्या फ्रेडरिक लिबरसाट यांच्या गटानं अशा झुरळांना ऑक्टोपामाइनसारखं काम करणारं औषध टोचलं, तर ती पुन्हा आपणहून चालायला लागली. म्हणजे पाय शाबूत होते, चालायची इच्छाच गेली होती. हिला उमेद म्हणायचं नसेल तर दुसरं नाव सुचवा.

जीवशास्त्र_लातूर
उदाहरण उत्तम आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. ऑक्टोपामाइन फक्त मेंदूत नसतं. ते स्नायूंवर आणि चरबीवरही थेट काम करतं. त्यामुळं माशी थकली तर बिघाड मेंदूत की पंखांच्या स्नायूंत, हे नुसतं उड्डाण मोजून सांगता येत नाही. उलटा प्रवासही होतो. हरलेला नर रातकिडा काही तास झुंज टाळतो. चीनमध्ये झुंजी लावणारे त्याला हातात हलवून हवेत उडवतात, की तो पुन्हा भिडतो. 2000 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे प्रयोगानं तपासलं, तर उडण्यानंच त्याची लढायची खुमखुमी परत येते असं दिसलं. तिथं शरीरानं मेंदू बदलला.

आणि जालनेकर, इमिडाक्लोप्रिड ऑक्टोपामाइनच्या वाटेला जात नाही. ते ॲसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवर ते रसायन जिथं बसतं त्या जागांना, चिकटतं. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका दमात सांगताय. शिवाय बंबलबी म्हणजे आपल्याकडच्या सातेरी किंवा आग्या मधमाश्या नव्हेत.

कांदाबी_जालना
सर, वाट कुठलीही असो, रानात मला दिसतं ते एकच. माशी पेटीच्या तोंडाशी बसून आहे, जिवंत आहे, गोंड्यावर येत नाही. आणि ऑक्टोपामाइनलाच हात घालणारं औषधही आपल्या गोठ्यात आहे. गोचिडांसाठी जनावरांना लावतो ते अमिट्राझ ऑक्टोपामाइनच्याच ग्राहींवर काम करतं. मधपेट्यांतल्या वरोआ या माश्यांना चिकटणाऱ्या बारीक कोळ्यासाठीही ते वापरतात. सुरक्षित ठरवताना मेलेल्या माश्या मोजतात, पण जिवंत माशी कामाला जाते की नाही हे आमच्या बांधावर येऊन कोणी बघितलेलं नाही.

तूरवाला_बीड
मग बिनफवारणीचा गोंडा कोरडा आणि फवारलेलाही कोरडा असेल, तर कसं ओळखणार? तुम्ही रसायन म्हणाल, मी पाणी म्हणीन.

किडा_परभणी
ओळखता येतं. सकाळी दहाच्या सुमाराला साखरपाण्याची ताटली बांधावर ठेवा. पेटीजवळ नको, माश्यांची लुटालूट सुरू होते. गोंडे सोडून ताटलीवर झुंबड उडाली, तर बीडवाल्या भाऊंचं खरं, मकरंदच कमी आहे. ताटलीवरही कोणी फिरकलं नाही आणि पेटीत माश्या भरलेल्या आहेत, तर दोष फुलाचा नाही. फवारणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर, दोन्ही वेळा बघा, नाहीतर तुलना करायला काही राहणार नाही.

जीवशास्त्र_लातूर
ही चाचणी मला चालेल. पण ताटली ओस पडली तरी त्यातून एवढंच कळेल की माशी येत नाही. तिला यावंसं वाटत नाही की उडता येत नाही, हे कळणार नाही.

तूरवाला_बीड
ताटली मी ठेवीन. फवारणी मात्र संध्याकाळी होणार, माश्या पेटीत परतल्यावर. थांबवणार नाही, फुलकिडे लई झालेत.