बाशीबाझूक : नाव कुणाच्या सोयीचं?

माळरान
ऑटोमन म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या फौजांबद्दल वाचताना 'बाशीबाझूक' हा शब्द सारखा भेटतो. मूळ तुर्की 'बाशीबोझुक'. 'बाश' म्हणजे डोकं, 'बोझुक' म्हणजे बिघडलेलं; थोडक्यात डोकं, म्हणजे नायक, नसलेले. फौजेबरोबर लढणाऱ्या बेशिस्त टोळ्यांना हे नाव होतं. पगार नाही, गणवेश नाही, गुजराण लुटीवर. मला वाटतं हे नाव सरकारच्याच पथ्यावर पडलं. यांना कुणी नायकच नाही म्हटलं, की जाब कुणाला विचारणार?

तांबडीमाती
'बाशी' म्हणजे प्रमुख ना? 'युझबाशी' म्हणजे शंभरांचा नायक. मग हाही हुद्दाच असणार.

माळरान
नाही हो. तिथे 'बाशी' शेवटी आहे, शंभरांचं डोकं. इथे ते आधी येतं : ज्याचं डोकंच ठिकाणावर नाही असा. बेबंद म्हणा.

जुनीवही
सोयीचं नाव वगैरे अजिबात पटत नाही. फौजेत नसलेल्या साध्या नागरिकालाही तुर्कीत हाच शब्द होता. त्याला एवढा काळा रंग चढला तो 1876 मध्ये बल्गेरियातलं बंड मोडताना झालेल्या कत्तलींच्या बातम्यांमुळे. आणि या टोळ्यांत होतं कोण? अनेक जण रशियाने 1864 च्या सुमारास कॉकेशसमधून हाकललेले चर्केस (तिथले मूळ डोंगरी लोक), घरदार गमावलेले. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात तर इंग्रजांनीच बाशीबाझूक पगारी घोडदळात घेतले. त्यांचा सेनापती बीटसन आधी आपल्या शेजारी हैदराबादला निजामाच्या घोडदळात होता. म्हणजे गरज पडली की सगळ्यांना तेच लोक चालत होते.

माळरान
चर्केसांचे हाल मलाही मान्य आहेत. पण बल्गेरियातलं बाताक घ्या. मे 1876. बाशीबाझूकांचा म्होरक्या अहमद आगाने शब्द दिला, हत्यारं टाका, केसाला धक्का लागणार नाही. गावाने टाकली. मग कत्तल. चर्चमध्ये दडलेल्यांवर छपराची कौलं काढून पेटती चिंध्या-लाकडं टाकली. अमेरिकी अधिकारी शुयलरने जागेवर जाऊन अहवाल दिला, त्यात आहे की या आगाला शिक्षा नाही, उलट पदक मिळालं आणि बढती : युझबाशी! बेबंद टोळीचा म्होरक्या एका फटक्यात सरकारी कॅप्टन.

जुनीवही
त्यात दोष बढती देणाऱ्याचा. शब्दाला कशाला झोडपता?

तांबडीमाती
मला माळरान यांचं पटतं. मराठा फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनाही पगार नसे, पण लुटीतला वाटा सरदाराकडे जाई. वाटा घेणारा असेल, तर नायक नाही असं कसं म्हणायचं?