द्राक्षमळ्यांच्या मुलखात: वाइनरी पाहिल्याचे, वाइन चाखल्याचे अनुभव

वाइन दुकानातून आणून पिणं वेगळं आणि ती जिथे होते तिथे, करणाऱ्याच्या समोर उभं राहून चाखणं वेगळं. वेलींखालची माती हातात घेतली, तळघरातला वास नाकात भरला की घोटातली चव कुठून आली ते उमगायला लागतं. मला या प्रवासांचं खरं मोल तिथेच वाटतं, म्हणून हा धागा काढतेय.

कुठे गेला होतात, तिथे असं काय पाहिलंत की ज्यामुळे पेल्यातलं काहीतरी उलगडलं, ते लिहा. किती वाइनरी झाल्या याची यादी नको. एकच जागा असली तरी चालेल, पण तपशिलात सांगा. वेळ कशी ठरवली, गाडी कोणी चालवली, बाटल्या कशा आणल्या, हेही आलं तर पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवात मीच करते.

मोझेल, जर्मनी

मोझेल नदी इतकी वळणं घेते की पुढचं गाव डोळ्यांसमोर दिसतं आणि रस्त्याने मात्र बराच वेळ लागतो. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक. काही ठिकाणी उतार 65 अंशांपर्यंत जातो. त्यातून एक पायवाट काढली आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि पोलादी दोर बसवलेत. पायाखाली सगळीकडे पाटीचा दगड, पातळ पापुद्र्यांचा, पाऊल टाकलं की खळखळ घसरणारा. दुपारी त्यावर हात टेकला तर चटका बसावा इतका तापलेला. थंड प्रदेशात रीसलिंग हे इथलं पांढरं द्राक्ष पिकतं ते या दगडाच्या जिवावर. दिवसभराची ऊब तो धरून ठेवतो आणि रात्री वेलींना देतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर नदीच्या पाण्यावरून परतलेला प्रकाशही पडतो. इथे यंत्र चालत नाही. एका रुळावरून चढणारी छोटी गाडी माणसं आणि पेट्या वर नेते, बाकी सारं हातांनी.

संध्याकाळी एका घरगुती वाइनरीत त्याच उतारावरच्या, एकाच वर्षीच्या तीन वाइन ओळीने चाखायला दिल्या: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे. ही नावं खुडताना द्राक्षं किती पिकलेली होती त्यावरून ठरतात. काबिनेटमध्ये अल्कोहोल जेमतेम आठ टक्के, हलकी गोडी आणि तिच्या मागोमाग जिभेच्या कडांना जागं करणारा आंबटपणा. आउसलेझे चांगलीच गोड, तरी मिट्ट होत नाही, कारण तोच आंबटपणा तिला तोलून धरतो. गोड वाइन म्हणजे कमी दर्जाची असं मानणाऱ्यांनी हा क्रम एकदा जरूर चाखावा. कोरडी हवी असेल तर लेबलवर ‘ट्रोकन’ शब्द शोधायचा.

उत्पादक स्वतःच्या घरी किंवा अंगणात वर्षातले मोजके महिने खानावळ उघडतात, तिला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. दारावर झाडू किंवा हिरवी फांदी टांगलेली दिसली की समजावं, उघडं आहे. वाइन त्यांचीच, वाढणारेही बहुधा घरचेच. मोठ्या टेस्टिंग दालनांपेक्षा मला तिथे जास्त शिकायला मिळालं.

काखेती, जॉर्जिया

वर मातीबद्दल लिहिलंय, मी मातीच्या भांड्याबद्दल लिहितो.

जॉर्जियात वाइन करण्याचे सुमारे 8000 वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत आणि तिथली जुनी पद्धत आजही घरोघरी चालू आहे. क्वेव्री म्हणजे खाली निमुळतं होत जाणारं, अंड्याच्या आकाराचं मातीचं प्रचंड भांडं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं. तळघराला मरानी म्हणतात. आत गेल्यावर सपाट जमीन आणि तिच्यात गोल तोंडं एवढंच दिसतं. ही पद्धत 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

आम्ही गेलो तेव्हा घरमालक एक क्वेव्री उघडत होते. आधी झाकणाभोवतीची ओली माती खरवडून काढली, मग झाकण दोघांनी मिळून बाजूला केलं. काठाशी वाकलो तर मध, वाळलेली जर्दाळू आणि ओल्या मातीचा असा वास आला की मागे सरकवेना. लांब दांड्याच्या पळीने त्यांनी वाइन काढली. रंग गडद, चहासारखा. द्राक्ष र्कात्सितेली, म्हणजे पांढरं. पण इथे पांढऱ्या द्राक्षांचा रसही सालं, बिया, देठ यांच्यासकट पाच-सहा महिने भांड्यात राहतो, म्हणून हा रंग आणि लाल वाइनमध्ये असतो तसा तुरटपणा. मी विचारलं, इतके महिने बियांसोबत राहून वाइन कडू कशी होत नाही? त्यांनी हाताने निमुळता तळ करून दाखवला. बिया खाली टोकाशी जमतात, त्यांच्यावर गाळ बसतो आणि त्या वाइनपासून वेगळ्या पडतात. भांड्याच्या आकारात केवढा विचार आहे! त्यानंतर ती तुरट चव मला परकी वाटली नाही.

यजमान भोजनाला बसवतात आणि तामादा, म्हणजे शुभेच्छांची सूत्रं हाती असलेला माणूस, प्रत्येक पेल्याआधी बोलतो. पूर्वजांसाठी, पाहुण्यांसाठी, शांततेसाठी. मध्येच प्यायचं नसतं, तो बोलेपर्यंत थांबायचं. त्या दुपारनंतरचा काही कार्यक्रम ठेवू नका.

गाडी चालवण्याबद्दल

थोडक्यात सांगते, पण महत्त्वाचं आहे. नियम देशागणिक बदलतात. फ्रान्स आणि जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा साधारणपणे लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, हंगेरीत शून्य. चाखायचंच असेल तर चालक ठरवा, नाहीतर सायकल, रेल्वे किंवा पायी जमेल असा मुलूख निवडा. आणि थुंकायला ठेवलेलं भांडं वापरायला अजिबात संकोचू नका, तिथले जाणकार सगळे तेच करतात. चाखणं नाकात आणि जिभेवर होतं, गिळलंच पाहिजे असं नाही.

नापा, कॅलिफोर्निया: न पिणाऱ्याचा अनुभव

मी दारू घेत नाही. मित्रांसोबत चालक म्हणून गेलो होतो, आणि तरी ती सहल मला मनापासून आवडली, म्हणून लिहितोय. पेले मीही मागून घेतले, फक्त वास घेण्यासाठी. पेला आधी स्थिर ठेवून हुंगायचा, मग गोल फिरवून पुन्हा. दोन्ही वेळचा वास वेगळा असतो हे प्रत्येक वेळी नव्याने जाणवायचं.

नापा खोऱ्यात उत्तरेकडे जावं तसं ऊन वाढतं. दक्षिणेला सान पाब्लो उपसागर आहे, त्याच्यावरून सकाळचं धुकं आत शिरतं. दक्षिण टोकाच्या कार्नेरोसमध्ये सकाळी स्वेटर लागला आणि उत्तरेच्या कालिस्टोगाला पोचल्यावर सावली शोधावी लागली. म्हणून पिनो न्वार, शार्डोने ही द्राक्षं दक्षिणेला जास्त आणि उष्णता मागणारी काबेर्ने सोविन्यों वर. दोन टोकांच्या दोन शार्डोने नाकाशी धरल्या तेव्हा एकीत हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल होती, दुसरीत पिकलेलं अननस. हे कळायला मला प्यावं लागलं नाही.

1976 साली पॅरिसमध्ये नावं झाकून झालेल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी याच खोऱ्यातल्या दोन वाइनना पहिलं स्थान दिलं होतं, स्टॅग्ज लीपची काबेर्ने आणि शातो माँटेलेनाची शार्डोने. दोन्ही 1973 च्या. दोन्ही ठिकाणं आजही पाहता येतात. इथे बहुतेक जागी आधी वेळ ठरवावी लागते.

जेरेझ, स्पेन

मला एकाच द्राक्षाची करामत सांगायची आहे. शेरी म्हणजे स्पिरिट घालून अल्कोहोल वाढवलेली इथली वाइन. तिचं मुख्य द्राक्ष पालोमिनो, स्वतःची चव अगदी साधी. बोदेगात, म्हणजे वाइन मुरवण्याच्या इमारतीत, काचेची बाजू असलेलं एक पिंप ठेवलेलं असतं. पिंप पूर्ण भरत नाहीत, वर हवा ठेवतात, आणि वाइनवर यीस्टची पांढुरकी साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. ती वाइनला हवेपासून राखते, म्हणून फिनो फिकट, कोरडी, बदामाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या वासाची राहते. अल्कोहोल पंधरा टक्क्यांच्या आसपास असेपर्यंत ही साय जगते. सतराच्या वर नेलं की टिकत नाही, वाइनला हवा लागते आणि तपकिरी, अक्रोडाच्या चवीची ओलोरोसो तयार होते. दोन पेले शेजारी ठेवले तर ते एकाच द्राक्षाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

सोलेरा या मुरवण्याच्या पद्धतीत पिंपांच्या सर्वांत जुन्या ओळीतून थोडी वाइन काढतात, ती जागा तिच्याहून तरुण वाइनने भरतात, तिची जागा आणखी तरुण वाइनने. त्यामुळे लेबलवर बहुधा सालच नसतं. बोदेगाची छतं उंच, खिडक्यांना गवती पडदे, जमिनीवर माती आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात, सायीला ओलावा हवा म्हणून. उभ्या उभ्या तो गारवा अंगाला लागतो आणि ही इमारतसुद्धा वाइन करते आहे हे कळतं.

दोरो, पोर्तुगाल

पोर्टोहून दोरो काठाने जाणाऱ्या रेल्वेने पिन्याओला उतरलो. स्टेशनच्या भिंतींवरच्या निळ्या फरशांवर खुडणीची चित्रं आहेत, ती बघायला वेळ ठेवा. पोर्ट या गोड, कडक वाइनचा हा मुलूख 1756 मध्येच सीमा आखून ठरवलेला.

काही किंतांमध्ये, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या वाड्यांमध्ये, आजही चांगल्या पोर्टसाठी द्राक्षं पायांनी तुडवतात. लागार म्हणजे ग्रॅनाइटचं रुंद, उथळ टाकं. सुरुवातीला सगळे खांद्याला खांदा लावून ओळीत, एका तालावर, सावकाश पावलं टाकतात. नंतर ओळ मोडते, संगीत सुरू होतं आणि ज्याला जसं हवं तसं. माझ्या मांड्यांपर्यंत जांभळा रस होता, तळवे मऊ सालांत रुतत होते. पायाने सालं नीट चिरडतात पण बिया फुटत नाहीत, म्हणून रंग भरपूर येतो आणि कडवटपणा येत नाही. हे सगळं थोड्या वेळात साधावं लागतं, कारण किण्वन अर्ध्यावर असताना द्राक्षाची स्पिरिट घालून ते थांबवतात. साखर उरते ती त्यामुळे.

बारोसा, ऑस्ट्रेलिया

बाबांना घेऊन सेपल्ट्सफील्ड वाइनरीत गेले होते. 1878 मध्ये तिथे एक पिंप शंभर वर्षांनी उघडायचं म्हणून बाजूला ठेवलं आणि तेव्हापासून दर वर्षी एक ठेवत आलेत. पाहुण्यांना जन्मसालच्या पिंपातली टॉनी, म्हणजे पिंपात मुरलेली गोड वाइन, चाखता येते. बाबांच्या सालचं पिंप दाखवून काचेच्या नळीने थेंब काढला तेव्हा ते एकदम गप्प झाले. वाइन काळपट, इतकी दाट की पेल्याच्या आतल्या बाजूला तिचा थर चिकटून राहिला. बाष्प होऊन उडता उडता उरलेली ती वाइन होती. बाबा म्हणाले, “ही आणि मी एकाच वयाचे, ही जास्त टिकली.” मी ते कधी विसरणार नाही.

तिथे वेलींच्या ओळींत परवानगीशिवाय शिरू नका. फिलॉक्सेरा ही मुळांना लागणारी कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात कधी पोचली नाही, म्हणूनच 1843 मध्ये लावलेल्या शिराझच्या वेली तिथे अजून फळतात. ही कीड बुटांच्या मातीतून पसरू शकते.

शाम्पेन, फ्रान्स

रॅंस शहराच्या खाली जुन्या काळी खोदलेल्या खडूच्या खाणी आहेत, आज त्यांत बाटल्या मुरतात. बाहेर कडक ऊन असलं तरी आत दहा-बारा अंश, तेव्हा स्वेटर घ्या. भिंतीवर बोट फिरवलं तर पांढरं होतं. साल न लिहिलेली शाम्पेन किमान 15 महिने मुरवावी लागते, साल लिहिलेली 3 वर्षं, आणि पावाचा खरपूस वास येतो तो या काळात यीस्टच्या गाळासोबत राहिल्यामुळे.

मोठ्या घराण्यांची तळघरं एकदा पाहा, पण एक दिवस स्वतःचे मळे असलेल्या छोट्या उत्पादकांसाठी ठेवा. लेबलच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांकाआधी ‘आर. एम.’ असेल तर द्राक्षं आणि शाम्पेन दोन्ही त्याच घरची. ‘एन. एम.’ म्हणजे ते द्राक्षं विकतही घेऊ शकतात. यात चांगलं-वाईट काही नाही, पण एका गावाच्या मातीची चव हवी असेल तर पहिल्या खुणेची बाटली उघडा. भेटीची वेळ आधीच कळवून ठरवा. खुडणीच्या दिवसांत त्यांच्यातले बरेच जण पाहुणे घेत नाहीत. आणि बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, त्या संध्याकाळपर्यंत खोलीवर पोचवा.